दुखणं अंगावर काढलं

'दुखणं अंगावर काढणं' म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताप आला, कंबर धरली, पोटात कळ आली तरी कुणाला सांगायचं नाही, औषध घ्यायचं नाही, हातातलं काम सोडायचं नाही. पुरुषही दुखणं अंगावर काढतात. पण पुरुष तसं करू लागला की सगळं घर त्याच्या मागे लागतं, 'अंगावर काढू नका, आजच दाखवून या.' बाईनं जन्मभर अंगावर काढलं, तर तेराव्याच्या जेवणाला जमलेली माणसं कौतुकानं म्हणतात, 'माउलीनं कधी हूं की चूं केलं नाही.'

हे कौतुक मला आता ऐकवत नाही. तोंडातून न निघालेल्या त्या 'हूं'चा हिशेब शरीर ठेवत असतं. तो रक्ताच्या तपासणीत दिसतो, हाडांच्या ठिसूळपणात दिसतो, बाळंतपणात अचानक कोसळणाऱ्या बाईच्या नाडीत दिसतो. बाई-पुरुष भेदभावाबद्दल बोलताना आपण हक्क, अन्याय, मानसन्मान असे शब्द वापरतो. ते बरोबरच आहेत. पण तो भेदभाव ताटातून, अंथरुणातून, शेतातून शरीरात कसा उतरतो, हेही पाहता येतं आणि मोजता येतं. या लेखात तेच पाहायचं आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. माझ्या लहानपणी आमच्या घरी रात्री दोन पंगती बसत. आधी पुरुष आणि आम्ही मुलं. मग आजी. तिचं झालं की आई आणि काकू चुलीपाशीच बसायच्या, पाट न घेता. तोवर कालवणातल्या फोडी संपलेल्या असत, तळाशी पातळ रस्सा उरलेला असे. दुरडीत सकाळची एखादी भाकरी असली तर ती आईच्या वाट्याला यायची, कारण 'टाकवत नाही'. पुष्कळदा ती ताट घेतच नसे. भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसून घ्यायची आणि वर चहा. तिला कमी खा असं कुणीही कधी सांगितलं नव्हतं. बाबा तर 'तूही बस की' असंही म्हणायचे. पण वाढणारी बसली तर वाढणार कोण, याला घरात उत्तर नव्हतं आणि ते शोधण्याची कुणाला निकड नव्हती. मटण व्हायचं त्या दिवशी हा क्रम सगळ्यात स्पष्ट दिसायचा.

आता याच ताटाकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहा. बाईला दर महिन्याला पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्याबरोबर लोह जातं. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे जिला दीडपट लोह हवं, ती शेवटी जेवते. बरं, ज्वारी-बाजरीत लोह असतं, पण धान्यातलं लोह शरीराला फार थोडं शोषता येतं. ते शोषायला सोबत लिंबू, आवळा, पेरू, हिरवी मिरची, कोशिंबीर असं क जीवनसत्त्वाचं काही लागतं, नाही तर मांस-मासळी. पहिल्या पंगतीत नेमकं हेच संपतं. उरतो रस्सा आणि भाकरी. त्यावर घेतलेला चहा उरलंसुरलं लोहही अडवतो. आईच्या त्या जेवणात पोट भरत होतं, रक्त भरत नव्हतं.

याचा परिणाम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आकड्यांनी दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं, आधीच्या पाहणीत ते ४८ होतं. पाळी आणि बाळंतपण ही निसर्गानं दिलेली कारणं आहेत, हे खरं. जगातल्या सगळ्याच बायकांना पाळी येते. पण निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयानं आजारी असणं हे निसर्गाचं काम नव्हे, गरिबी आणि पंगत यांचं आहे. गरिबी घरातल्या सगळ्यांची असते, पंगतीतली शेवटची जागा मात्र एकटीची असते.

रक्तक्षयाला अंगावर काढणं सगळ्यात सोपं, कारण तो दुखत नाही. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, हल्ली हिला कामाचा कंटाळा आलाय. ती स्वतःही तसंच म्हणते. खरी परीक्षा बाळंतपणात होते. बाळंत होताना अर्धा लिटर रक्त गेलं तरी निरोगी बाईचं शरीर ते सोसतं. जिचं हिमोग्लोबिन सात आहे, तिला तेवढंच रक्त जाणं जिवावर बेतू शकतं. तिचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. ती मुलगी असली तर तिच्या शरीरातला लोहाचा साठा जन्मापासूनच तुटपुंजा असतो, पुढे तिचं ताटही शेवटचं, आणि वीस-बावीस वर्षांनी तिचं बाळंतपण. आजीची पंगत नातीच्या रक्तात उतरते ती अशी.

लोहाच्या गोळ्या वाटण्याची सरकारी योजना १९७० सालापासून या ना त्या नावानं चालू आहे. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' आहे. आशाताई गोळ्या पोचवतात. पण गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते, पोट बांधून येतं, आणि असं होणारच, घाबरू नका, जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको, हे शांतपणे सांगायला कुणी नसलं की पाकीट फडताळात पडून राहतं. शिवाय गोळी एकट्या बाईच्या हातात पडते. ताटाचा क्रम बदलायला सांगणारं माणूस घरातल्या पुरुषांकडे जात नाही.

पुढची गोष्ट रक्तक्षयाहून अवघड, कारण ती बोलायचीच नसते. 'अंगावरून पांढरं जातं' हे वाक्य आपल्याकडे बाई बाईलासुद्धा हलक्या आवाजात सांगते. आनंदीबाई जोशी यांनी हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण करून त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टरची फार गरज आहे, आणि त्यासाठी आपण अमेरिकेला जाणार आहोत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. ज्यांची तपासणी करायला त्या शिकून आल्या, त्या बायका तशाच राहिल्या.

किती काळ तशाच राहिल्या, ते गडचिरोलीत कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायका निवडल्या नव्हत्या. गावात राहणाऱ्या, धान लावणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, तक्रार असलेल्या-नसलेल्या सगळ्या होत्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. यापूर्वी कधी ना कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आनंदीबाईंच्या पदवीला तेव्हा एकशे तीन वर्षं झाली होती.

या अभ्यासानं जगभर खळबळ माजली, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तोवर गरीब देशांत बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पोट वाढलं की तिची नोंद व्हायची, पोट वाढू नये म्हणून पुन्हा नोंद व्हायची. मधल्या वर्षांत तिच्या गर्भाशयाला, योनीला, मूत्रमार्गाला काय होतं हे कुणी विचारलं नव्हतं. बंग दांपत्यानं विचारलं. १९९४ मध्ये कैरोला झालेल्या लोकसंख्याविषयक परिषदेनं 'प्रजनन आरोग्य' हा व्यापक विचार स्वीकारला, त्यामागे अशा अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

तरी जुनी नजर सहजी जात नाही. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र सरकारनं अठरा वर्षांवरच्या बायकांच्या तपासणीची मोठी मोहीम घेतली. काम चांगलं होतं, आणि एरवी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बायका तिच्यामुळे तपासल्या गेल्या. मोहिमेचं नाव होतं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. मला ते नाव खटकतं. जिला मूल नाही, जी विधवा आहे, जी एकटी राहते, जिच्या सुरक्षित असण्यानं कुठल्याच घराचं काही अडत नाही, तिचं दुखणंही तेवढंच मोठं आहे. बाई बरी व्हायला हवी ती तिची ती म्हणून. घर नंतर.

घरातून दवाखान्यापर्यंतची वाटही बाईला पुरुषापेक्षा लांब पडते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात २०१६ या एका वर्षात बाह्यरुग्ण विभागात झालेल्या तेवीस लाखांहून अधिक भेटींचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. बाईच्या एका भेटीमागे पुरुषांच्या १.६९ भेटी होत्या. दिल्लीतल्याच रुग्णांत हे प्रमाण १.४१ होतं. बिहारहून आलेल्यांत ते २.३७ वर गेलं. अंतर वाढलं, म्हणजे तिकीट, मुक्काम, सोबत, बुडालेली मजुरी हे सगळं वाढलं, आणि तसतशा बायका गळत गेल्या. त्या वर्षी यायला हव्या होत्या पण आल्या नाहीत, अशा बायकांच्या भेटी चार लाखांहून अधिक निघाल्या. बिहारमधल्या बायका कमी आजारी पडतात असं कोण म्हणेल? त्यांच्यासाठी रेल्वेचं तिकीट निघालं नाही.

अवयवांचंही तसंच. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली आणि त्यांत अवयव मिळालेल्या बायका होत्या ६,९४५. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त, आई, बायको, बहीण. देताना ती सगळ्यात आधी पुढे होते आणि घेताना 'आता माझं काय राहिलंय' म्हणते.

आणि ती दवाखान्यात पोचली तरी वैद्यकशास्त्रानं तिच्याकडे पुरेसं पाहिलेलं नसतं. अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचा नियम होता. जी औषधं आपण जगभर घेतो त्यांचे डोस पुष्कळदा पुरुषांच्या शरीरावर ठरले. झोल्पिडेम हे झोपेचं औषध बायकांच्या रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून त्यांचा डोस निम्मा करायला २०१३ साल उजाडलं. हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीवर हात दाबून कोसळलेला पुरुष, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे. बायकांनाही छातीत दुखतंच, पण पुरुषांपेक्षा अधिक वेळा त्याबरोबर किंवा त्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ आणि गळून गेल्यासारखा थकवा येतो. ती ओवा चावते, सोडा पिते, 'पित्त झालंय' म्हणते आणि पोळ्या लाटत राहते. घरातल्या बाईला असं अचानक झालं तर पित्त समजून बसू नका, लगेच ईसीजी काढा.

इथवर सांगितलेल्या सगळ्या वाटा, म्हणजे ताट, न बोलणं, दवाखान्याचं अंतर, एकत्र येतात त्या बीड जिल्ह्यात, उसाच्या फडात.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, पाटोदा, केज, आष्टी या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि ती फेडायला पाच-सहा महिने तोड करायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. हे शब्द ऐकायला साधे आहेत, पण त्यांत सगळं आलं. उचल कोयत्याला मिळते, बाईला नाही. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. आणि कोयता पुरा व्हायला बायको लागते, म्हणून मुलींची लग्नं लवकर लागतात.

फडातला तिचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढच्या तीन दगडांवर भाकरी थापायच्या. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्रीचं खोपट, आत उभंही राहता येत नाही. उजाडायच्या आत फडात. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या, आणि तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. संडास नाही, न्हाणी नाही. पाळी आली तर फडकं बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन लागेल अशी जागा नाही. ओलसर फडकं तसंच पुन्हा घ्यायचं. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते आणि बाळंत झाली की काही दिवसांत परत फडात येते.

यानंतर अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात आणि कमरेत दुखणं, लघवीला जळजळणं, 'अंग बाहेर येणं' हे सगळं होतं याचं आश्चर्य नाही. पण सुट्टी घेतली तर तो 'खाडा', आणि खाड्याला दंड. पुष्कळ टोळ्यांत तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत गेलेला आहे. हिशेब करून पाहा. पाळीचे तीन दिवस धरले तर पाच महिन्यांत पंधरा खाडे, साडेसात हजार रुपये. उचल घेतलेल्या घराला हे परवडत नाही. म्हणून ती काढते अंगावर, आणि असह्य झालं की गावाकडे एखाद्या खासगी डॉक्टरकडे जाते.

डॉक्टर सांगतो, 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे, सूज आहे, पुढं कॅन्सर होईल. काढून टाका.' तिला दोन-तीन मुलं झालेली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली, वय पंचवीस-तीस. नवरा म्हणतो, सासू म्हणते, तीही म्हणते, 'पिशवीचं आता काम काय?' शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा बायकांत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आत आहे.

आता यातलं वैद्यक. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं. त्याला स्वस्त गोळ्या आहेत, आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही त्याच गोळ्या द्याव्या लागतात, नाही तर तो परत येतो. गर्भाशयाच्या तोंडाची सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सरची शंका असेल तर त्याची साधी तपासणी असते, तिच्याआधी पिशवी काढायचं काही कारण नसतं. गर्भाशय काढावं लागतं ते कॅन्सर झाला तर, गाठींमुळे रक्तस्राव कशानंही थांबत नसेल तर, अंग फारच बाहेर आलं असेल तर, बाळंतपणात जीव वाचवण्यासाठी. पंचविशीत पांढरं जातं म्हणून नव्हे.

'पिशवीचं काम काय' या प्रश्नालाही उत्तर आहे. पिशवीबरोबर पुष्कळदा दोन्ही अंडाशयंही काढली जातात. तिथे इस्ट्रोजेन तयार होतं, आणि ते हाडं राखतं, रक्तवाहिन्या राखतं, झोप आणि मनही राखतं. अंडाशयं गेली की पंचविशीतल्या मुलीला एका दिवसात पन्नाशीतल्या बाईचं शरीर मिळतं. अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकू शकतात. शस्त्रक्रियेनंतर निदान दीड-दोन महिने जड उचलू नये असं कुठलाही डॉक्टर सांगेल. पण उचल वाढलेली असते, म्हणून ती पुन्हा मोळी डोक्यावर घेते. खाडा टाळण्यासाठी काढलेली पिशवी तिला जन्मभराचं दुखणं देते.

आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया तरी तिनंच का केली होती? पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया फक्त जागा बधिर करून काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, गुंतागुंत फार कमी. तरीही पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि पुरुषाची ०.३ टक्क्यांत. पुरुष म्हणतो, अशक्तपणा येईल, जड काम होणार नाही. वैद्यकात याला काडीचा आधार नाही. आणि जड काम तर तीही करते.

बीडमध्ये आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयात गर्भाशय काढता येत नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानात झालेल्या अशाच शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. या परवानगीनं सुरी थोडी थांबली. पण फडात संडास आला का, पाळीचा खाडा माफ झाला का, कोयत्यातल्या बाईच्या नावावर वेगळी मजुरी जमा होते का, हे प्रश्न साखर कारखान्यांना आणि सरकारला विचारायचे आहेत, आणि दर हंगामाला विचारायचे आहेत. आपल्या चहातली साखर त्या फडातून येते, म्हणून ते आपणही विचारायचे आहेत.

याच बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. गर्भलिंग निदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, त्यानंतर तेवीस वर्षांनी हे चित्र. जी मुलगी जन्मापूर्वीच नको होती, तिचं ताट शेवटी असणं, तिची पाळी ही खाडा ठरणं आणि तिची पिशवी बिनकामाची ठरणं, हे सगळं एकाच ओळीतलं आहे.

तुमच्या घरी कुणाला गर्भाशय काढायला सांगितलं असेल, तर आधी विचारा, निदान काय आहे, तपासणीचा कागद कुठे आहे, गोळ्यांनी का भागणार नाही, अंडाशयं ठेवणार का. मग तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. दोन दिवस उशीर झाल्यानं सहसा काही बिघडत नाही. आणि आज रात्री जेवायला बसताना भाजीचं पातेलं मधे ठेवा आणि सगळे एकदम बसा. पहिले काही दिवस वाढायला कोण उठणार याची पंचाईत होईल. ती होऊ द्या.

एक शेवटचं विचारतो. तुमच्या आईचं, बायकोचं, सुनेचं हिमोग्लोबिन किती आहे? घरातल्या मोटरसायकलचं सर्व्हिसिंग कधी आहे हे आपल्याला माहीत असतं, हा आकडा बहुतेकांना माहीत नसतो. बाईचा तो बाराच्या वर हवा, गरोदर असेल तर अकराच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. ती म्हणेल, 'मला काय झालंय?' तरी या आठवड्यात तिला घेऊन जा. जा म्हणून सांगू नका, बरोबर जा.